धुऱ्यावरचा करवानक : तिसरा आठवडा

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की रात्री करवानकाची ओरड ऐकू येते, पण दिवसा पक्षी सापडत नाही. आता सापडतोय. दुर्बीण तीच, गावामागचं पडीक रान तेच, शेजारचं पऱ्हाटीचं वावरही तेच.

फरक पडला तो बकऱ्या चारणाऱ्या काकांमुळे. मी अर्धा तास दुर्बिणीतून रान चाळत होतो. काकांनी नुसती काठी उचलली, "थो पाय ना बोरीखाली. डोळा पाय त्याचा." पक्ष्याचा आकार शोधणं सोडलं आणि मोठा पिवळा डोळा शोधला, तसा मातकट रेघांमधून अख्खा करवानक उभा राहिला. चाळीस पावलांवर होता!

पळस फुलला की तो शोधावा लागत नाही, नजर आपणहून तिकडे जाते; करवानक मात्र शोधावाच लागतो. मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८० मध्ये हाच भेद मांडला. एखाद्याच गुणानं वेगळी असलेली वस्तू कितीही गर्दीत चटकन उठून दिसते. रंग, रेघ, आकार असे गुण जुळवून ओळखायची असेल, तर लक्ष एकेका जागी न्यावं लागतं आणि गर्दीबरोबर वेळही वाढतो. करवानकाचा रंग मातीचा, रेघा वाळल्या गवताच्या. म्हणून मी आता रानभर नजर फिरवत नाही. एका बोरीची सावली घ्यायची, थांबायचं, डोळा शोधायचा, मग पुढची बोर. या आठवड्यात चार वेळा जमलं.

याची किंमतही मोजावी लागते. मंगळवारी मी सावल्या तपासत असताना समोरून मुंगूस गेलं. सोबतच्या भाचीनं पाहिलं, मला दिसलंच नाही. सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ च्या प्रयोगात चेंडूचे पास मोजणाऱ्या जवळजवळ निम्म्या लोकांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसला नव्हता. ते वाचून माहीत होतं, तरी मुंगसाची चुटपुट लागलीच. आता दर दहा मिनिटांनी दोन मिनिटं काहीच न शोधता नुसता बसतो. या वेळात चंडोल आणि एक ससा नोंदवला.

पुढचा पक्षी रातवा. तो दिवसा डोळे जवळजवळ मिटून बसतो, तेव्हा काकांची खूण तिथं चालणार नाही. तुम्ही त्याला कशावरून हेरता, ते नक्की कळवा.