झोन फाइल हाताने लिहिताना

ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर फाइल सर्व्हर, प्रिंटर, टॅलीचं मशीन, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा असं सगळं असतं आणि बऱ्याच ठिकाणी त्यांचे आयपी (नेटवर्कवरचे आकडी पत्ते) एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेले असतात. एक मशीन बदललं की सगळ्यांचे शॉर्टकट बदलत बसायचं. माझं ठाम मत आहे की दहा-बारा मशीन झाली की आतला डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर, उभा करावाच, आणि त्यातली पहिली झोन फाइल, म्हणजे नावं आणि पत्त्यांची यादी, हाताने लिहावी, कारण पॅनलमध्ये बटण दाबून रेकॉर्ड (यादीतली एक नोंद) तयार होतो खरा पण आत काय झालं ते कळत नाही.

मी बाइंड हा डीएनएस सर्व्हरचा प्रोग्राम वापरतो, कुठल्याही लिनक्सवर सहज मिळतं. आधी झोनचं, म्हणजे सगळ्या मशीनच्या नावांच्या शेवटी येणारं, नाव ठरवा. डॉट लोकल नको, ते मल्टिकास्ट डीएनएससाठी (सर्व्हरशिवाय मशीननी एकमेकांना नावं विचारायची पद्धत) राखीव आहे आणि ॲपलच्या मशीनवर हमखास गोंधळ होतो. डॉट इंटर्नल घ्या, २०२४ मध्ये इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या आयकॅन संस्थेने ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलंय.

फाइलच्या वरच्या बाजूला एसओए रेकॉर्ड, म्हणजे झोनची मुख्य माहिती देणारी नोंद, येतो. त्यातला सीरियल नंबर लोक हलक्यात घेतात आणि तिथेच फसतात. दुसरा, म्हणजे पहिल्याची प्रत ठेवणारा सेकंडरी सर्व्हर फक्त हा नंबर बघतो, वाढला असेल तरच नवीन माहिती ओढून घेतो. तुम्ही रेकॉर्ड बदलला पण सीरियल तोच ठेवला तर पहिला सर्व्हर नवा पत्ता सांगणार, दुसरा जुनाच, मग अर्ध्या लोकांचं चालतं अर्ध्यांचं नाही आणि दोष केबलला दिला जातो. तारीख आणि पुढे दोन आकडे, २०२५०३१००१ असा नंबर ठेवायची पद्धत आहे, ती पाळा. (मेल आयडीसुद्धा इथेच येतो, ॲट द रेटच्या जागी टिंब देऊन.)

आता शेवटचं टिंब. पूर्ण नाव लिहिलं की शेवटी टिंब हवंच, नाहीतर बाइंड त्याला अपुरं नाव समजून पुढे झोनचं नाव जोडतं आणि फाइल्स.ऑफिस.इंटर्नल.ऑफिस.इंटर्नल असलं काहीतरी तयार होतं. फाइल तपासणारी चेकझोन कमांड यावर ओरडेलच असं नाही, कारण नियमाने ते नाव बरोबरच असतं! त्याला मोठा डी हा पर्याय द्या, मग सगळी नावं पूर्ण स्वरूपात छापून येतात आणि डबल झालेलं नाव लगेच डोळ्यात भरतं.

ए रेकॉर्ड सोपा, डावीकडे नाव उजवीकडे आयपी. सीनेम, म्हणजे एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारा रेकॉर्ड, मात्र जपून, ज्या नावाला सीनेम दिला त्याच नावावर एमएक्स (मेलसाठीचा), टीएक्सटी (मजकुराचा) वगैरे दुसरा रेकॉर्ड चालत नाही, म्हणून झोनच्या मुख्य नावावर तो कधीच टाकता येत नाही, तिथे एसओए आधीच असतो.

आणि उलटा झोन, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारा, विसरू नका प्लीज. विंडोज सर्व्हरवर होस्ट बनवताना पीटीआरसाठी (उलट्या झोनमधला रेकॉर्ड) टिकमार्क तरी असतो, इथे कोणी करून देत नाही. १९२.१६८.१० चं नेटवर्क असेल तर आकडे उलटे लिहून १०.१६८.१९२.इन-ॲडर.आर्पा असा वेगळा झोन करायचा आणि त्यात प्रत्येक मशीनचा पीटीआर. लॉगमध्ये नुसत्या आयपीऐवजी नाव दिसायला लागलं की शोधाशोध किती वाचते ते स्वतः बघाल.

अजून एक, रेकॉर्ड आधी टाका आणि नाव लोकांना नंतर सांगा. कोणी आधीच ते नाव उघडून पाहिलं तर "असं नावच नाही" हे उत्तरही कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) बसतं, किती वेळ ते बहुतेक एसओएच्या शेवटच्या आकड्यावर ठरतं. पत्ता बदलायचा असेल तर टीटीएल (उत्तर किती सेकंद कॅशमध्ये ठेवायचं तो आकडा) ८६४०० वरून ३०० वर आणा, तेही जुन्या टीटीएलएवढा वेळ म्हणजे आदल्या दिवशीच, ऐन वेळी करून उपयोग नाही.

हे झालं की आरएनडीसी रीलोड (बाइंडला फाइल पुन्हा वाचायला लावणारी कमांड), मग डिग कमांडने दोन्ही सर्व्हरना वेगवेगळं विचारा आणि दोघांचा सीरियल एकच येतोय का बघा.