नाही म्हणायचं कार्ड

सिडनीत शिकायला आलो आणि संध्याकाळच्या कामासाठी एका पबमध्ये विचारलं, तर पहिलाच प्रश्न: 'आरएसए केलंय का?' म्हणजे 'रिस्पॉन्सिबल सर्व्हिस ऑफ अल्कोहोल', जबाबदारीने दारू देण्याचा कोर्स. मला वाटलं, ग्लास तिरका धरून बिअर कशी ओतायची ते शिकवत असतील. दिवसभराचा वर्ग निघाला आणि त्यात ओतण्याबद्दल अवाक्षर नाही.

सकाळ हिशेबात गेली. एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीचं ३० मिलीचं माप म्हणजे साधारण एक, पण ४२५ मिलीचा बिअरचा ग्लास दीडच्या वर जातो. शरीर तासाला जेमतेम एक स्टँडर्ड ड्रिंक निपटतं. कडक कॉफीने फक्त झोप उडते.

खरी गोची दुपारी. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्सचा २००७ चा मद्य कायदा गिऱ्हाइकाचे ग्लास मोजत बसत नाही. बोलणं, तोल, हालचाली किंवा वागणं बिघडलेलं दिसतंय आणि कारण दारूच असावं असं वाटायला जागा आहे, एवढं पुरे. पुढचा ग्लास द्यायचा नाही. दिला तर ११,००० डॉलरपर्यंत दंड, आणि तो मालकालाच नाही, माझ्यासारख्या देणाऱ्यालाही. बरं, झोकांड्या खाणारा माणूस आजारीही असू शकतो, म्हणून आधी दोन शब्द बोलून बघायचं.

मग शिकवणाऱ्या बाईच झिंगल्याचं सोंग घेऊन काउंटरवर आल्या. मी म्हणालो, "थोड्या वेळाने देऊ का?" बाई ताडकन शुद्धीवर. "थोड्या वेळाने म्हणजे हो!" आता काय सांगणार त्यांना? पाहुण्याने पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी वाढणाऱ्या घरातला मी. चौथ्या प्रयत्नात जमलं: "आता दारू देता येणार नाही. पाणी देऊ? टॅक्सी बोलावू?" 'तुम्हाला चढलीय' असं मात्र तोंडावर म्हणायचं नाही, तिथेच भांडण पेटतं.

९० दिवसांचं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं, पुढे फोटोचं कार्ड, पाच वर्षांचं.

तिसऱ्या आठवड्यात एकाच्या हातून सुटी नाणी दोनदा सांडली, जीभ जड झालेली. मी वाक्य म्हटलं, आवाज कापला. तो ओरडला, मॅनेजरने बाहेर काढलं. अशा माणसाला चोवीस तास आत घेता येत नाही. दुसऱ्या संध्याकाळी तो हसत दारात उभा, तेव्हा चाळीस मिनिटं बाकी होती. मी घड्याळाकडे बोट दाखवलं.