परसातला खड्डा आणि गावाचे आरोग्य मंडळ

गेल्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी आठ वाजता आमच्या परसात खोदाईचे यंत्र आले आणि तासाभरात त्याने दहा फूट खोल खड्डा काढला. खड्ड्याच्या काठावर चार माणसे उभी होती: यंत्र चालवणारा, आम्ही नेमलेला मृदा-परीक्षक, गावाच्या आरोग्य मंडळाची प्रतिनिधी असलेली एक ज्येष्ठ बाई, आणि मी. निमित्त घरगुतीच होते. सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला येणार होत्या आणि त्यांना जिना चढावा लागू नये म्हणून तळमजल्यावर झोपण्याची एक खोली वाढवायची होती. बांधकामाच्या परवानगीसाठी अर्ज केला, तेव्हा तो सर्वांत आधी आरोग्य मंडळाकडे गेला. एका खोलीचा आणि आरोग्याचा काय संबंध, हे मला तेव्हा कळले नव्हते. पुढच्या चार महिन्यांत ते इतके नीट कळले की ते लिहून ठेवावे असे वाटले.

आम्ही अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मध्यभागातील एका लहान गावात बारा वर्षांपासून राहतो. गावात ड्रेनेजची लाइन नाही आणि आमच्या रस्त्यावर नळाचे पाणीही नाही. पिण्याचे पाणी अंगणातल्या बोअरचे आणि सांडपाणी परसातल्या सेप्टिक टाकीत, अशी इथल्या बहुतेक घरांची व्यवस्था आहे. टाकीत गाळ खाली बसतो, वरचे पाणी एका लहान पेटीतून वाटले जाऊन भोके असलेल्या नळ्यांत जाते आणि खडीच्या थरातून, म्हणजे झिरप-थरातून, जमिनीत झिरपते. त्या झिरपण्याच्या वाटेवर माती आणि मातीतले जिवाणू त्या पाण्यातली घाण व रोगजंतू धरून ठेवतात. म्हणजे आमच्या मैलाशुद्धीकरणाचा मोठा भाग परसातली मातीच करत असते, आणि तेच पाणी पुढे भूजलाला मिळून कोणाच्या तरी बोअरमधून वर येते. एका घराच्या खोल्या शेजारच्या घराच्या पाण्याशी जोडल्या जातात त्या इथे.

राज्याच्या नियमावलीचे या विषयाचे प्रकरण 'टायटल फाइव्ह' या नावाने ओळखले जाते. 1978 मध्ये ते आखले गेले आणि 1995 मध्ये त्याची मोठी फेररचना झाली. त्यातली मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट ही, की घरात माणसे किती आहेत हे ते विचारत नाही, झोपण्याच्या खोल्या किती आहेत हे विचारते. माणसे येतात-जातात, खोल्या राहतात. दर खोलीमागे दिवसाला 110 गॅलन सांडपाणी धरायचे, म्हणजे तीन खोल्यांना 330 आणि चार खोल्यांना 440. जिथे बोअर आणि सेप्टिक दोन्ही एकाच जमिनीत आहेत, तिथे नव्या बांधकामाला 40,000 चौरस फुटांमागे 440 गॅलनची मर्यादा आहे. आमची जमीन एक एकराहून थोडी अधिक असल्याने चौथी खोली त्या मर्यादेत बसत होती. जमीन पाऊण एकर असती तर अर्ज तिथेच थांबला असता.

मात्र जुनी व्यवस्था तपासली, तेव्हा तिचा तळ वसंतात चढणाऱ्या भूजलातच बुडतो असे निघाले. ती नव्याने बांधणे भाग होते, आणि म्हणून तो खड्डा. आमच्या गावात ही तपासणी शक्यतो वसंतातच करतात, कारण बर्फ वितळून पाणी तेव्हा सर्वांत वर असते.

मृदा-परीक्षक शिडी लावून खड्ड्यात उतरला आणि खुरप्याने भिंत तासत खाली जाऊ लागला. वर काळपट पानमाती, मग तांबूस पिवळी वाळूमिश्रित माती, आणि 38 इंचांवर त्या पिवळ्या मातीत राखाडी डाग आणि त्यांच्या कडेने गंजासारखे नारिंगी ठिपके. त्याने चिमूटभर माती रंगांच्या नमुन्यांच्या वहीतील एका चौकोनाजवळ धरली, मंडळाच्या बाईंनी वाकून पाहिले, आणि दोघांनी एकच आकडा लिहिला. त्या दिवशी खड्ड्यात पाणी त्याहून बरेच खाली होते. पण निर्णय त्या दिवसाच्या पाण्यावर नव्हता, त्या ठिपक्यांवर होता. मातीतले लोह हवा मिळाली की तांबडे होते. माती दीर्घकाळ पाण्यात बुडून राहिली की हवेअभावी ते विरघळून वाहून जाते आणि मागे राखाडी रंग उरतो. वर्षानुवर्षे पाणी कुठपर्यंत चढते, याची नोंद माती स्वतःच ठेवते. मी रत्नागिरीकडची. तांबडी माती आणि जांभा यांच्यात वाढलेल्या माणसाला लोहाचा रंग ओळखीचा असतो, पण तो असा वाचता येतो हे मला त्या काठावर उभी असताना पहिल्यांदा समजले.

नंतर पाझर-चाचणी झाली. बारा इंच व्यासाचा आणि अठरा इंच खोल असा एक लहान खड्डा घेऊन तो आधी पाण्याने भिजवला, आणि मग पाण्याची पातळी 9 इंचांवरून 6 इंचांवर यायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजले. चोवीस मिनिटे लागली, म्हणजे इंचाला आठ मिनिटे. नव्या बांधकामासाठी इंचाला 60 मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर ती जागा नापास होते. पाणी फार लवकर जिरणे हेही चांगले लक्षण धरत नाहीत: एरवी झिरप-थराच्या तळाखाली भूजलापर्यंत 4 फुटांचे अंतर पुरते, पण इंचाला दोन मिनिटे किंवा त्याहून कमी लागत असतील तर 5 फूट लागतात, कारण घाईने जाणाऱ्या पाण्याला माती गाळू शकत नाही. आमच्याकडे भूजल 38 इंचांवर, म्हणून 4 फुटांचे अंतर राखायला थराचा तळ मूळ जमिनीच्या 10 इंच वर घ्यावा लागला. आज आमच्या परसात गवताने झाकलेला एक लांबट उंचवटा आहे. खर्च खोलीच्या खर्चाइतकाच झाला आणि त्याचा ताण आम्हाला जाणवला, हे लपवण्यात अर्थ नाही. 2023 पासून राज्याने अशा दुरुस्तीसाठी आयकरातील सवलत 18,000 डॉलरपर्यंत वाढवली आहे. ती रक्कम मोठी असली तरी खर्च आधी खिशातून करावा लागतो, आणि निवृत्त माणसांना तेच जड जाते.

या सगळ्याच्या निमित्ताने मी मंडळाच्या सभांना जाऊ लागले आणि अजूनही जाते. मॅसॅच्युसेट्समध्ये 351 शहरे आणि गावे आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचे आरोग्य मंडळ असते. आमच्या गावात तीन सभासद तीन वर्षांसाठी मतदानाने निवडून येतात. सभेची सूचना शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळून किमान 48 तास आधी लावावी लागते आणि सभा उघड्या दाराने होते. नियमातून सूट मागणाऱ्याने लगतच्या जमीनमालकांना दहा दिवस आधी नोंद टपालाने स्वखर्चाने कळवायचे असते. उपाहारगृहांची तपासणी, उन्हाळी शिबिरांचे परवाने, कुत्रा चावल्याच्या नोंदी ही कामेही याच मंडळाकडे आहेत, पण सभेचा बहुतेक वेळ जातो तो जमिनीवर.

हे मला आधी विचित्र वाटले होते. जमिनीच्या वापराचा विचार नियोजन मंडळाने करावा, असे वाटायचे. इतिहास वाचला तेव्हा दिसले की क्रम उलटा आहे. मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत असतानाच, 1692 मध्ये, कत्तलखाने, दारूच्या भट्ट्या, चरबीच्या मेणबत्त्या करणारे आणि कातडी कमावणारे यांनी गावात कुठे बसावे हे ठरवण्याचा कायदा झाला होता. बॉस्टनने 1799 मध्ये आरोग्य मंडळ नेमले, त्याचे पहिले अध्यक्ष पॉल रिव्हियर, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी रात्री घोड्यावरून वर्दी देणारे तेच चांदीकाम करणारे कारागीर. न्यूयॉर्क शहराने विभागवार वापराचे नियम केले ते 1916 मध्ये. कोणत्या जमिनीवर काय व्हावे हा प्रश्न या भागात आधी आरोग्याचा प्रश्न म्हणून विचारला गेला, आणि आजही घाणीचा किंवा उपद्रवाचा धंदा कोणत्या जागी चालावा हे नेमून देण्याचा अधिकार कायद्याने आरोग्य मंडळाकडेच आहे.

आता नव्या वसाहतीचे उदाहरण पाहू. एखादा बिल्डर जमिनीचे तुकडे पाडण्याचा आराखडा नियोजन मंडळापुढे ठेवतो, तेव्हा त्याची एक प्रत आरोग्य मंडळाकडे जाते आणि मंडळाने 45 दिवसांत लेखी अहवाल द्यायचा असतो. नुसता नकार चालत नाही. कोणत्या प्लॉटवर बांधले तर सार्वजनिक आरोग्याला अपाय होईल आणि तो का, हे नेमकेपणाने लिहावे लागते. गेल्या शरदात आमच्या गावात नऊ प्लॉटचा एक आराखडा आला होता. मंडळाने सात प्लॉटला हरकत घेतली नाही आणि उतारावरच्या दोन प्लॉटची नावे घेऊन, खड्ड्यांच्या नोंदींसकट, तिथे मंडळाच्या संमतीशिवाय बांधकाम होऊ नये असे लिहिले. बिल्डर रागावला, पण त्याच्याच मृदा-परीक्षकाने लिहिलेले आकडे समोर असल्याने वाद लांबला नाही. मला या पद्धतीची ही बाजू फार मोलाची वाटते. निर्णयाला एक आधार आहे, तो आधार जमिनीत आहे, आणि तो कोणालाही काठावर उभे राहून पाहता येतो.

मात्र हाच अधिकार वाकड्या हेतूनेही वापरला जातो, आणि याबद्दल मला गप्प राहवत नाही. राज्याचे नियम ही किमान मर्यादा आहे. त्याहून कडक वाजवी नियम करण्याची मुभा गावांना आहे. भूजल उथळ असलेल्या किंवा तळ्याकाठच्या गावांना तशी गरज असतेही. राज्याच्या किनाऱ्यावरील केप कॉड या भागातल्या खाड्यांमध्ये सेप्टिकमधून झिरपणाऱ्या नायट्रोजनने शेवाळ माजते, म्हणूनच 2023 मध्ये राज्याने तिथल्यासाठी नियम कडक केले, आणि ते योग्यच झाले. पण काही ठिकाणी अंतरे आणि आकडे वाढवण्यामागे पाण्याची काळजी नसते. लहान घरे, भाड्याची घरे आणि त्यात येणारी माणसे नकोत, एवढेच मनात असते. अशा अडवणुकीवर उपाय म्हणून 1969 च्या राज्य कायद्यानुसार परवडणाऱ्या घरांच्या योजनेला गावाच्या कडक नियमांतून सूट मिळू शकते. राज्याची किमान मर्यादा मात्र तिलाही पाळावीच लागते, आणि ही विभागणी मला न्याय्य वाटते. अशाच एका योजनेच्या सुनावणीला मी होते. एक गृहस्थ उभे राहून भाडेकरूंविषयी बोलू लागले, तेव्हा अध्यक्षांनी त्यांना शांतपणे थांबवले आणि सांगितले की या सभेपुढे माती आणि पाणी आहे, कोण राहायला येणार हा या सभेचा विषय नाही. सभागृहात थोडी कुजबुज झाली आणि पुढचा नकाशा टेबलावर आला. त्या रात्री घरी येताना मला त्या अध्यक्षांविषयी मनापासून आदर वाटला.

आणि हे सगळे पाहताना मला सतत आमची कोकणातली विहीर आठवत राहिली. माझ्या लहानपणी त्या विहिरीचे पाणी आळीतली सहा घरे पीत. पुढे वरच्या अंगाला एक बंगला झाला. त्याची टाकी आणि शोषखड्डा विहिरीच्या थेट वर, जांभ्यात खणलेला. जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी थांबत नाही, सरळ वाट काढत जाते. दोन पावसाळ्यांनंतर पाण्याला वास येऊ लागला आणि आईने पिण्याचे पाणी लांबच्या विहिरीवरून आणायला सुरुवात केली. त्या बंगल्याच्या मालकाने कोणताही नियम मोडायचा म्हणून मोडला नव्हता. खड्डा कुठे घ्यावा हे त्याने गवंड्याला विचारले आणि गवंड्याने सोयीची जागा दाखवली. आपल्याकडे जमीन बिनशेती करताना, घर बांधताना कितीतरी कागद लागतात. त्यांपैकी एखाद्या कागदासाठी कोणीतरी येऊन जागेवर खड्डा घ्यावा, मातीचा रंग पाहावा आणि शेजारच्या विहिरीचे अंतर मोजावे, असे मला फार वाटते. गावच्या पाण्यावर ज्यांचे जगणे आहे, त्यांना तो खड्डा पाहायला बोलवावे, असेही वाटते.

इथे गावाच्या कचेरीत प्रत्येक घराच्या नावाने एक फाइल असते. आमच्या फाइलमध्ये जुन्या टाकीचा हाताने काढलेला नकाशा मिळाला. त्यात घराच्या दोन कोपऱ्यांपासून टाकीच्या झाकणापर्यंतची अंतरे आणि बोअरपासून झिरप-थराचे अंतर लिहिलेले होते. नियमाने ते किमान 100 फूट हवे. आमचे 112 होते. तो कागद हातात असतानाच मी दादाला फोन लावला आणि आपल्या घराच्या टाकीची नोंद कुठे आहे का, असे विचारले. तो म्हणाला, "नमुना आठला घर आहे, घरपट्टी आहे. टाकीचं कोण लिहितंय? बाबांना माहीत होतं." आमच्या घरामागे आता नवी विहीर आहे, सात वर्षांपूर्वी खणलेली, आणि तिचेच पाणी घरात येते. दुसऱ्या दिवशी दादाने शेजारच्या मुलाला टेपचे एक टोक धरायला लावून टाकीच्या झाकणापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत अंतर मोजले आणि मला कळवले: 34 फूट. मे महिन्यात मी जाईन तेव्हा टाकीच्या खालच्या अंगाला, विहिरीच्या बाजूने, आम्ही दोघे मिळून एक खड्डा घेणार आहोत.