तोलार खिंडीत बसून मुरबाडकडे

सप्टेंबरातला शनिवार. हरिश्चंद्रगडावर जायला खिरेश्वरहून सकाळी निघालो तेव्हा पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसत होतं. तोलार खिंडीत पोचेपर्यंत धुक्यानं सगळंच पुसून टाकलं. वाघाच्या शिल्पाजवळ टेकलो आणि सॅकमधून जीपीएस काढला. मोबाइल असताना हे डबडं कशाला, असं मित्रानं तिसऱ्यांदा विचारलं. खरं तर जीपीएससाठी मोबाइललाही रेंज लागत नाही, नकाशा आधी उतरवून ठेवला की झालं. पण ओल्या बोटांना मोबाइलचा स्क्रीन दाद देत नाही, आणि माझं डबडं दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालतं.

डबड्यानं सांगितलं: हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ चाळीसेक किलोमीटर, नैऋत्येला. म्हणजे पार मुरबाडच्या बाजूला!

घोळ माझाच. वहीत देवळाचे अक्षांश-रेखांश लिहिले होते: १९ अंश २३ मिनिटं उत्तर, ७३ अंश ४६ मिनिटं पूर्व. मी घाईत १९.२३ आणि ७३.४६ असं भरलं होतं. अंशाची मिनिटं साठ, शंभर नव्हेत. २३ मिनिटं म्हणजे ०.३८ अंश. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, त्यामुळे देऊळ १७ किलोमीटर दक्षिणेला सरकलं. रेखांशातल्या तसल्याच चुकीनं ते पश्चिमेला बत्तीसेक किलोमीटर जाऊन थेट घाटाखाली कोकणात उतरलं. आकडे सुधारले तेव्हा कुठे अंतर चार किलोमीटरच्या आत आलं. मित्र हसत होता ते वेगळंच.

रेलिंगचा कातळ चढून गेलं की टेकड्यांमागून टेकड्या, सगळ्या एकसारख्या. कारवीत वाट फुटली तिथं थांबून यंत्रातला दिशेचा बाण पाहिला, तर तो गरगरतोय. या साध्या यंत्रात होकायंत्र नाही. आपण चालू लागलो तरच त्याला आपली दिशा कळते. म्हणजे वाट चुकीची आहे हे कळायला आधी तिच्यावरून चालायचं! चाललो. बाण स्थिरावला, तो नेमका एका घळीच्या पलीकडे. त्याला फक्त सरळ रेषा ठाऊक, मधल्या दऱ्या नाहीत.

“दादा, तिकडं कुठं? दगड रचलेत त्ये धरा,” धुक्यातून आवाज आला. गुराखी शेवटपर्यंत दिसला नाही. दगडांच्या लगोऱ्या धरून चालत राहिलो, अंतर कमी होतंय ना एवढंच यंत्रात बघत. देवळाचा कळस अगदी समोर आल्यावरच दिसला.

दुपारी कोकणकड्याकडे गेलो. धुकं तसंच. यंत्र पाच मीटरची चूक दाखवत होतं. मे २००० च्या सुरुवातीपर्यंत अमेरिका नागरी वापराचे जीपीएस संकेत मुद्दाम बिघडवून सोडायची, तेव्हा ही चूक शंभर मीटरपर्यंत जायची. त्या मानानं पाच काहीच नाही, पण कड्याच्या तोंडाशी पाचही पुष्कळच. यंत्र खिशात टाकलं, दोघंही पोटावर पालथे झालो आणि हातानं चाचपत, इंच इंच पुढं सरकत राहिलो. बोटांना कातळाची कड लागली. खालून वारा आला, गार आणि ओला, थेट तोंडावर.