दोन भोकांचं ऑपरेशन

“दोन भोकांचाच काम मा, डॉक्टरानू? मगे पंधरा दिसांनी होडीर जाईन.”

मालवणकडचा रापणकर, म्हणजे रापणीचं जाळं ओढणारा मच्छीमार; घोट्याची कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत अस्तर, पार झिजलेली. त्याचे ते पंधरा दिवस माझ्या डोक्यातून जाईनात.

दुर्बिणीची भोकं खरंच दोन, घोट्याच्या पुढे, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची. बाहेरच्या भोकाजवळ कातडीखालूनच मज्जातंतू जातो. म्हणून ब्लेड फक्त कातडीपुरतं, पुढची वाट बोथट चिमट्याने; नाहीतर पावलाची वरची बाजू बधिर. मग दुर्बिणीतून उरलीसुरली कूर्चा खरवडायची, रक्ताळलेलं हाड दिसेपर्यंत. पाऊल काटकोनात धरून नडगीचं आणि घोट्याचं हाड दोन-तीन जाड स्क्रूंनी आवळायचं.

म्हणजे सांधा दुरुस्त नाही, कायमचा बंद! दुखणं थांबतं ते त्यामुळेच.

जखम लवकर भरते, हाड मात्र आपल्याच वेळेने जुळतं. साधारण सहा आठवडे पाय टेकायचा नाही, जुळायला तीन महिने, कधी जास्तच. विडी सुटली नाही तर जुळेलच असं नाही.

सपाटीवर चालणं छान जमतं. जांभ्याच्या पायऱ्या, उकिडवं बसणं, हलती होडी, इथे अडतं.

नारळी पौर्णिमा तोंडावर आलीय. यंदा त्याची होडी कोण नेणार?