पहिला टाका ओठाच्या रेघेवर

आमचे आबा चहा पिताना मान डावीकडे कलती करतात. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या आमच्या घरात मी लहानपणापासून हे पाहत आले आणि ती त्यांची लकब आहे असंच समजत होते. त्यांच्या वरच्या ओठावर उजवीकडे शिडीसारखा जाड वण आहे. मी तीन वर्षांची असताना वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात गोणी उचलताना दुसऱ्या कामगाराच्या हातातला लोखंडी आकडा त्यांच्या ओठात घुसला. जवळच्या एका दवाखान्यात जाड काळ्या दोऱ्याने टाके घातले, ते बारा दिवसांनी काढले आणि तेराव्या दिवशी आबा पुन्हा गोणीखाली उभे राहिले.

त्या दिवशी फक्त कातडी शिवली होती, ओठाच्या आतला गोल स्नायू कोणी जोडलाच नव्हता, हे मला डॉक्टर झाल्यावर, सर्जरीतल्या एमएसच्या दुसऱ्या वर्षी कळलं. ओठ मिटणं, शीळ घालणं, घोट तोंडात धरून ठेवणं हे सगळं त्या स्नायूचं काम. तो तुटका राहिला की ओठाला खाच पडते आणि तिथून चहा गळतो. वॉर्डातून रात्री हॉस्टेलवर आले, पण झोप लागली नाही.

प्लास्टिक सर्जन होण्याचा हा रस्ता लांबचा आहे, हे या वाटेने येऊ पाहणाऱ्या मुलांना आधीच सांगितलेलं बरं. एमबीबीएस आणि इंटर्नशिप मिळून साडेपाच वर्षं, त्यानंतर जनरल सर्जरीत एमएसची तीन, त्यावर प्लास्टिक सर्जरीत एमसीएचची आणखी तीन. प्रवेश परीक्षांच्या तयारीत गेलेला काळ आणि सरकारी बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सेवेचं, वर्ष यात धरलेलं नाही. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेकडे जाणाऱ्या आणखी वाटा आहेत. कान-नाक-घसा तज्ज्ञ पुढे फेलोशिप करून नाकाचं आणि चेहऱ्याचं काम करतात, दंतवैद्यकातले मॅक्सिलोफेशियल सर्जन जबड्याचं करतात. मी स्वतंत्रपणे पहिली शस्त्रक्रिया केली तेव्हा तेहतीस वर्षांची होते. माझ्याबरोबर बारावी झालेल्या मैत्रिणींची मुलं तोवर शाळेत जात होती. घरात आईने एकदाही विचारलं नाही की अजून किती दिवस. न विचारणंही जड असतं, हे मला आता कळतं.

पण चेहरा मी पहिल्यांदा शिवला तो इंटर्न असताना, ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, रात्री दोन वाजता. घोडबंदर रोडवर खड्ड्यात बाईक आदळून पडलेला एक मुलगा होता. हेल्मेट होतं, पण हनुवटी उघडी ठेवणारं. ओठ फाटलेला, गालावर डांबर आणि खडी. मी आधी भुलीचं इंजेक्शन दिलं. औषधाने ओठ फुगला, त्यातल्या अ‍ॅड्रेनालिनने कडा पांढरी पडली, आणि लाल ओठ जिथे संपून कातडी सुरू होते ती रेघ मला दिसेनाशी झाली. अंदाजाने शिवलं. सहा दिवसांनी तो टाके काढायला आला तेव्हा रेघेत पायरी पडली होती, जेमतेम एक मिलिमीटरची. समोर बसून बोलणाऱ्या माणसाला ती लगेच दिसते. त्याच्या बहिणीचं लग्न होतं पुढच्या महिन्यात. त्याने माझे आभार मानले. आजही तो चेहरा मी विसरलेले नाही.

नंतर एमसीएचला आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं ते असं: भूल देण्याआधी शाईने रेघेच्या दोन्ही बाजूंना ठिपका दे, आणि पहिला टाका त्या दोन ठिपक्यांवर पडू दे. एवढंच. हे वाक्य मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

त्या तीन वर्षांत हात घडतो. सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखाली रबराच्या हातमोज्याचा तुकडा शिवत होतो, मग कोंबडीच्या तंगडीतली रक्तवाहिनी. केसापेक्षाही बारीक दहा-शून्यचा दोरा असतो तो, आणि श्वास जोरात सोडला तरी सुईचं टोक हलतं. पुढे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 सालापासून बंदी आहे, तरी जबडा काढावा लागलेली चाळिशीतली माणसं आम्ही आठवड्यामागून आठवडे पाहिली. पायातलं फिब्युला नावाचं हाड वरच्या कातडी आणि रक्तवाहिन्यांसकट काढून त्याचा जबडा घडवायचा आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडायच्या. आठ-दहा तास उभं राहून घरी जायचं नाही, कारण पहिली रात्र सगळ्यात धोक्याची. लावलेल्या कातडीचा रंग, ऊब, दाबल्यावर परत येणारी लाली हे तासातासाला बघायचं. जांभळट झाली की पहाटे चारला पुन्हा थिएटर. माझ्या मते प्लास्टिक सर्जन थिएटरपेक्षा त्या रात्रीच्या खुर्चीवर जास्त तयार होतो.

सगळ्यात जीव लागला तो कपाळाच्या कातडीतून नाक घडवण्यात. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीतून नाक करण्याचं वर्णन आहे. कपाळाची पद्धत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. टिपूच्या लढाईत कैद होऊन नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्याजवळ असंच नवं करण्यात आलं, आणि 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून इंग्रज सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी 1814 साली इंग्लंडमध्ये ही शस्त्रक्रिया केली. तिकडून ती जगभर गेली. आम्ही आज करतो ती त्याचीच सुधारलेली रीत आहे. भुवईच्या आतल्या टोकाशी एक बारीक धमनी वर चढते, तिच्यावर पोसलेली कपाळाची पट्टी वळवून नाकावर बसवायची. नव्या जागेतून रक्त मिळायला लागेपर्यंत साधारण तीन आठवडे पट्टीला कपाळाशी जोडणारा देठ कापायचा नाही.

ते तीन आठवडे माणसाचे फार कठीण जातात. कपाळापासून नाकापर्यंत सोंडेसारखा मांसाचा पूल. ऐरोलीच्या एक बाई होत्या, नाकावरची कर्करोगाची गाठ काढलेली. ड्रेसिंगला ठाणे-वाशी लोकलने यायच्या, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "डॉक्टरताई, नातवाला फोनवर पण तोंड दाखवलं नाही." मी त्यांना आधीच्या रुग्णांचे, त्यांच्या परवानगीने ठेवलेले, याच टप्प्यातले फोटो दाखवले. तेव्हापासून हे फोटो मी शस्त्रक्रियेच्या आधीच दाखवते. आधी आणि नंतर असे दोनच फोटो दाखवणं मला अप्रामाणिक वाटतं. माणसाला मधले तीन आठवडे काढायचे असतात.

आता नवी मुंबईत माझी प्रॅक्टिस आहे. नाकाचा उंचवटा कमी करून द्या म्हणणारे येतात, फिलर-बोटॉक्ससाठी येतात. त्यांना मी कमी लेखत नाही. नाक चिडवण्याचा विषय झालेल्या मुलीचं दुःख मी ओपीडीत समोर पाहिलं आहे. मात्र मोबाइलवर फिल्टर लावलेला स्वतःचा फोटो घेऊन 'असं करा' म्हटलं, की मी तारीख देत नाही, आधी दोन-तीनदा बोलावून घेते.

आणि महिन्यातून एका शनिवारी दुपारी इंटर्न मुलामुलींना चेहरा शिवायला शिकवते. याचे पैसे नाहीत, पण हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण फाटलेल्या चेहऱ्याला पहिल्यांदा हात लावतो तो इंटर्न, प्लास्टिक सर्जन नाही. गाल फाटला असेल तर भूल द्यायच्या आधी रुग्णाला भुवया उचलायला, डोळे घट्ट मिटायला आणि दात दाखवायला सांगा; औषध दिल्यावर चेहरा हलवणारी नस मुळात तुटली होती की भुलीने बधिर झाली हे कळणार नाही. भुवई भादरू नका, ती नीट परत येईलच याचा भरवसा नसतो आणि जुळवायची खूणही जाते. रस्त्यावरची खडी आणि डांबर पहिल्याच दिवशी ब्रशने घासून काढा, नाहीतर कातडीत गोंदल्यासारखं कायमचं राहतं. चेहऱ्याचे टाके पाचव्या दिवशी काढायला बोलवा. जास्त ठेवले की शिडी उमटते.

आबांचा ओठ आजही दुरुस्त होऊ शकतो. वण उघडून स्नायू शोधायचा, जोडायचा, पुन्हा शिवायचं. माझे सर करून द्यायला तयार होते. आबांनी दोनदा ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझं चाललंय गं. तू दुसऱ्याचं बघ." मी पुन्हा विषय काढला नाही.

गेल्या वेळी मात्र मी त्यांना विचारलं, शनिवारी येता का. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून आले, पोरांसमोर खुर्चीत बसले. मी म्हटलं, "आबा, शीळ घाला." त्यांनी ओठांचा चंबू केला, पण उजवीकडून नुसती हवा गेली. मग एकेकाने हातमोजा घालून त्या वणावर बोट ठेवलं. चाचपडलं की कातडीखाली दोन्ही बाजूंना स्नायूचे गोळे लागतात आणि मधे पोकळी. एक मुलगी बोट ठेवायला कचरत होती.

"दाब की पोरी," आबा म्हणाले, "दुखत न्हाय. नीट बघून घे."

तिने डोळे मिटून बोट फिरवलं, पोकळी सापडली तेव्हा डोळे उघडले, आणि टेबलाशी जाऊन सरावासाठी ठेवलेल्या केळीच्या सालीवर शाईने दोन ठिपके दिले.