खरारा

आज खांदमळणी. वहिनीनं सवयीनं हळद-तूप कालवून वाटी ओट्यावर ठेवली, मग तिच्याच लक्षात आलं. "आवतन कोणाले द्याचं आता?" म्हणाली आणि वाटी झाकून ठेवली. मी काही बोललो नाही.

जोडी चैत्रात विकली. तो विषय नको.

करायला काही नव्हतं म्हणून गव्हाणीखालचा कचरा काढत बसलो, तर आबाजीचा खरारा सापडला. लहानपणापासून पाहिलेला, पण कधी निरखून पाहिला नव्हता. रॉकेल लावून गंज घासला, तर पाठीवर कोंबडीच्या पायासारखी खूण निघाली आणि खाली 1943. पिंट्यानं मोबाईलवर शोधलं. ब्रिटिशांच्या सरकारी मालाची खूण म्हणे. म्हणजे ऐंशी वर्षं आम्ही पोळ्याला बैल घासत होतो ते इंग्रजाच्या चोरलेल्या खरार्‍यानं. आधी हसूच आलं.

आबाजी लढाईबद्दल जन्मात दोनच गोष्टी बोलला. "बरमात लय पानी," ही एक. आणि बंदूक चालवली का असं विचारलं की, "खच्चर चालोलं ना बाप्पा." आम्हाला ते फुसकं वाटायचं. दुसर्‍यांचे आजे लढले, आमचा खच्चर हाकून आला.

पिंट्या पुढं वाचत गेला. रस्ता नाही अशा डोंगरांत दारूगोळा, रेशन, जखमी माणसं, सगळं खच्चरांच्या पाठीवर जायचं. मार्च 1944 मध्ये इंग्रजांच्या चिंडिट नावाच्या फौजा ब्रह्मदेशात, म्हणजे आबाजीच्या बरमात, जपान्यांच्या पिछाडीला विमानांनी उतरवल्या, सोबत खच्चरंही. जंगलात ती ओरडली तर शत्रूला ठिकाणा कळेल, म्हणून आधीच गुंगी देऊन त्यांच्या गळ्यातला आवाज कापून टाकला होता.

पिंट्या म्हणाला, "भारी ना काका?" मी उठून बाहेर आलो.

आबाजी त्या फौजेत होता असं मी म्हणत नाही. तो फक्त बरमा म्हणायचा. पण आमच्या खळ्यावर बैलांना मुसकं कधी बांधू दिलं नाही त्यानं. सगळं गाव बांधायचं. बैल खुशाल कणसं ओढून खायचे आणि आई चरफडायची. तो एकच म्हणायचा, "त्याईच्या तोंडाले काही बांधू नोका." आम्ही म्हणायचो, म्हातारा देवमाणूस आहे. बाबा म्हणायचे, म्हातारा येडा आहे. आणि रात्री बैल हंबरला तर तो घोरत पडायचा. गोठा फार वेळ गप्प राहिला की कंदील घेऊन उठायचा. त्यावरूनही आम्ही किती हसलोय.

आता चार महिने गोठा गप्प आहे, आणि तो मी पैसे मोजून घेऊन गप्प केलाय. दुपारभर हेच डोक्यात. व्यापार्‍यानं कासरा हातात घेतला तेव्हा मोठा बैल हंबरला होता का? आठवत नाही. मी नोटा मोजत होतो. आबाजीनं काय केलं असतं? त्याला कोणी विचारलं तरी होतं का, तिकडं, काही करताना?

पण हेही जरा जास्तच होतंय. ढेपीचा भाव काय, मजुरी काय, दोन बैल वर्षभर पोसायचे कशावर? ट्रॅक्टरवाला दोन तासांत वावर करून देतो. जोडी विकली, कोणाचा गळा नाही कापला. आबाजीही पुढं म्हातारे बैल बाजारात न्यायचाच की. यायचा, हातपाय धुवायचा, जेवायचा. त्या दिवशी कोणाशी बोलायचा नाही, एवढंच.

संध्याकाळी छोटीनं परवाच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल काढला आणि खरारा मागितला. दिला. तिनं असा घासला की एका बाजूचा रंगच निघाला. वहिनी धावली, मी म्हटलं राहू दे. मग छोटीनं उरलेली हळद त्याच्या खांद्याला लावली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणाली, थोडी थांबली. तो काही बोलेना, म्हणून त्याच्या वतीनं तीच हंबरली. चांगली तीनदा.